मुलाचे टॉन्सिल कधी काढावे?

● वर्षात 7 वेळा, सलग दोन वर्षे दरवर्षी 5 वेळा किंवा तीन वर्षे दरवर्षी 3 वेळा घसा सुजून ताप आला, तर डॉक्टर शस्त्रक्रियेचा विचार करतात.

● मूल तोंड उघडे ठेवून घोरते, झोपेत श्वास अडखळतो? नाकामागची अ‍ॅडेनॉइडची गाठ वाढलेली असू शकते.

● अर्धापूरकरांसाठी सोय : नांदेडजवळ विष्णुपुरीतील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा कान-नाक-घसा विभाग.

● शस्त्रक्रियेनंतर भरपूर पाणी, मऊ वरणभात, कुस्करलेले केळे द्या. घशात पांढरा थर दिसतो. तो पू नव्हे.

● पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान ही पांढरी खपली सुटते. थुंकीत ताजे रक्त दिसले, तर रात्र असली तरी लगेच रुग्णालय गाठा.