रहमीम : एका पुरुषाचं नाव

आज एका नावाची गोष्ट सांगते. नाव आहे रहमीम. हे यहुदी, म्हणजे ज्यू पुरुषाचं नाव. इराक-इराणकडच्या यहुद्यांत ते असे, आणि आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींतही. आता नव्या बाळाला हे नाव क्वचितच ठेवतात. आजोबा-पणजोबांचं नाव झालंय ते.

बेने इस्रायली म्हणजे पूर्वी रायगडकडच्या गावांत तेलाचे घाणे चालवणारी माणसं. शनिवार त्यांचा विश्रांतीचा वार. त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणे. बोली मराठी, आडनावं गावावरून पडलेली : पेणकर, राजपूरकर, दिवेकर.

त्यांच्या धर्मग्रंथाची भाषा हिब्रू. त्या भाषेत रहमीम म्हणजे दया, करुणा. अरबी ही हिब्रूची बहीण, म्हणून रहम, रहीम, रहमान हे शब्द तुम्हाला याच घरातले वाटले तर ते बरोबरच आहे. पण या नावाच्या पोटात आणखी एक शब्द आहे. रेहेम. रेहेम म्हणजे गर्भाशय. आपण बायका जिला नुसती ‘पिशवी’ म्हणतो ना, तीच. पिशवीला सूज आलीय, पिशवी काढून टाकली, असंच आपल्या तोंडी तिचं नाव येतं. हिब्रूत दयेचा शब्द तिच्याच मुळापासून आला, आणि तो मुलग्याचं नाव म्हणून ठेवला गेला.

आपली मराठीही यापासून फार लांब नाही बरं का. दुसऱ्याचं दुःख पाहून आपल्या ‘पोटात तुटतं’, ‘पोटात कालवतं’. वात्सल्य हा शब्द तर वत्सापासून, म्हणजे वासरापासून आलेला.

यहुद्यांच्या ग्रंथात राजा शलमोनाची गोष्ट आहे. एका घरात राहणाऱ्या दोन बायका, तीन दिवसांच्या अंतराने बाळंत झालेल्या. दोघी वेश्या होत्या, ग्रंथ तसं सरळ सांगतो. रात्री झोपेत एकीच्या अंगाखाली तिचं बाळ गुदमरून गेलं. तिने उठून दुसरीच्या कुशीतलं जिवंत बाळ उचललं आणि तिथे आपलं मेलेलं ठेवलं. भांडण राजापुढे गेलं. साक्षीदार कुणी नाही. राजा म्हणाला, तलवार आणा, बाळाचे दोन तुकडे करा, अर्धं हिला, अर्धं तिला. तेव्हा एक बाई ओरडली, नको महाराज, मारू नका, तिलाच देऊन टाका! दुसरी म्हणाली, तुलाही नको, मलाही नको, करा तुकडे. राजाने ओळखलं, आई कोण ते. त्या ओरडणाऱ्या बाईच्या आत जे पेटून उठलं, त्याला ग्रंथात शब्द आहे तो हाच, रहमीम. आणि तो लिहिलाय जिला समाजाने बाजूला टाकलं होतं अशा बाईसाठी.

तुम्ही म्हणाल, ही तर आईची माया, मग नाव पुरुषाला कसं? तर त्याच ग्रंथात योसेफची गोष्ट आहे. भावांनी त्याला विकलं. पुढे तो मिसर देशात मोठा अधिकारी झाला. दुष्काळ पडला, तेच भाऊ धान्य मागायला आले. त्याने ओळखलं, त्यांनी नाही. मग त्यांच्यात त्याला धाकटा बेन्यामिन दिसला, त्याच्याच आईच्या कुशीतला. योसेफला राहवेना. आतल्या खोलीत जाऊन तो रडला, तोंड धुतलं आणि बाहेर येऊन म्हणाला, जेवण वाढा. इथेही तोच शब्द, अगदी त्या आईसाठी वापरला तसाच. आपल्याकडे पोरगा रडला की लगेच म्हणतात, ‘बायकांसारखा रडतोस काय?’ इथे मात्र एवढा मोठा कारभारी रडला, आणि ग्रंथाने त्यात त्याचा कमीपणा मानला नाही.

हा शब्द आपल्या मुंबईतही आहे. सामाजी हसाजी दिवेकर नावाचे बेने इस्रायली कंपनी सरकारच्या फौजेत होते. सामाजी म्हणजे सॅम्युएल, हसाजी म्हणजे इझिकेल. नावं अशी मराठी वळणाची करून घेतलेली. म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. जिवंत सुटून आले आणि 1796 साली त्यांनी मुंबईत यहुद्यांचं प्रार्थनामंदिर बांधलं. ते पुढे ‘शआर हारहमीम’ या नावाने ओळखलं गेलं, म्हणजे दयेचं दार. आसपासचे लोक त्याला जुनी मशीद म्हणत, आणि लोकलचं मस्जिद स्टेशन त्याच्याचवरून नाव घेऊन उभं आहे, असं सांगतात.