दोन घरचा पाहुणा

‘दोन घरचा पाहुणा उपाशी’ ही म्हण वाचकांनीं पुष्कळदां ऐकिली असेल. पाहुणा त्या घरीं जेवला असेल असें या घरास वाटतें, आणि या घरीं जेवला असेल असें त्या घरास वाटतें. बिचारा पाहुणा मात्र उपाशींच निजतो. दोन्ही घरें कृपण नव्हतीं, अन्नही मुबलक होतें. उणें होतें तें इतकेंच कीं, त्यास जेवूं घालण्याचें काम कोणाचें, हें ठरलें नव्हतें.

जेथें चार माणसें मिळून काम करितात, तेथें तेथें ही म्हण लागू पडते. आपल्याच जिल्ह्यांतील एका उदाहरणावरून हें पाहूं.

इ. स. १९८२ सालीं चंद्रपुरापासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा हा अरण्याचा मुलूख. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग या दांपत्यानें १९८६ सालीं येथें ‘सर्च’ या संस्थेचें काम सुरू केलें. पुढें त्यांच्या पाहणींत असें आढळलें कीं, दर हजार जन्मांमागें सुमारें ६२ बालकें पहिल्या २८ दिवसांतच दगावतात.

त्या काळीं खेड्यांतून बहुतेक बाळंतपणें घरींच होत. खोलींत दाई असे, घरांतील वडील स्त्रिया असत. पण क्षणभर विचार करा. मूल जन्मलें आहे, वार अद्याप पडावयाची आहे, आईच्या जिवास धोका आहे. अशा वेळीं दाईचें सारें लक्ष आईकडे असावें हें योग्यच होय. परंतु बाळ रडलें नाहीं तर? त्याचा श्वास पहिल्या कांहीं क्षणांतच सुरू व्हावयास पाहिजे. खोली माणसांनीं भरलेली, आणि बाळाकडे पाहण्यास नेमलेलें असें कोणीच नाहीं! तें अजाण अर्भक दोन घरच्या पाहुण्यासारखेंच नव्हे काय?

१९९५ सालापासून संस्थेनें ३९ गांवांत एक नवी व्यवस्था लाविली. प्रत्येक गांवांतील पांच ते दहा इयत्ता शिकलेली एक स्त्री निवडून तिला शिकवून तयार केलें व तिला ‘आरोग्यदूत’ असें नांव दिलें. नियम सरळ होता : दाईनें आईस सांभाळावें, आरोग्यदूतानें बाळ जन्मतांच तें आपल्याकडे घ्यावें. दाईस दूर केलें नाहीं, तिचा मानही उणा केला नाहीं. दोघी एकाच खोलींत असत. मात्र आपण कोणाकडे पाहावयाचें, हें प्रत्येकीस ठाऊक असे.

केवळ नांव नेमून काम होत नाहीं, साधनही द्यावें लागतें. बाळाचें वजन करण्याचा कांटा, ताप मोजण्याची नळी, श्वास देण्याचें साधन, औषध आणि इंजेक्शन हीं सर्व आरोग्यदूताच्या हातीं दिलीं व त्यांचा उपयोग शिकविला. शिवाय तिच्या कामाची मर्यादाही ठरवून दिली. कोणतीं लक्षणें धोक्याचीं, हें तिला शिकविलेलें असे. तीं दिसतांच बाळास रुग्णालयांत नेण्याचा सल्ला ती देई. आईबापांस तें शक्य नसेल, तर त्यांच्या संमतीनें घरींच उपचार करी. तिच्या नोंदी तपासण्यास व चुका सुधारण्यास पर्यवेक्षक नियमानें येत.

तिसऱ्या वर्षीं त्या गांवांतील मृत्यूंचें प्रमाण हजारीं सुमारें २५ वर आलें. तुलनेसाठीं घेतलेल्या ४७ गांवांत अशी घट झाली नाहीं. १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. आणि २०११ पासून भारत सरकारनें नवजात बालकांच्या घरीं जाऊन त्यांची काळजी घेण्याचें काम देशभरच्या ‘आशा’ सेविकांकडे सोंपविलें. या यशांत औषधाचा व शिक्षणाचा वांटा मोठा आहेच. पण तें औषध कोणी व केव्हां द्यावयाचें, हें ठरलें नसतें, तर कुपी पिशवींतच राहिली असती.

आतां आपल्याकडे वळूं. सहलीस निघतांना ‘पाण्याकडे सर्वांनीं लक्ष द्यावें’ असें ठरतें, आणि रानांत पोहोंचल्यावर घागर रिकामी निघते. घरांत मूल आजारी असतें. औषध वडिलांनीं दिलें असेल असें आईस वाटतें, आईनें दिलें असेल असें वडिलांस वाटतें. म्हणून कोणतेंही काम आरंभितांना चार प्रश्न विचारावे : हें काम कोणाचें? त्यास लागणारें साधन व अधिकार त्यास दिला आहे काय? त्याची मर्यादा कोठें संपते, आणि पुढें त्यानें कोणास सांगावें? झालेलें काम कोण पाहणार?

एक सावधगिरी मात्र असावी. कामाची वांटणी ही अंग चोरण्याची सबब होऊं नये. आरोग्यदूत येऊन पोहोंचण्यापूर्वींच मूल जन्मलें, तर ‘बाळ माझ्याकडे नाहीं’ असें दाईनें म्हणून कसें चालेल? ज्याचें काम त्यानें करावें. आणि तो नसेल तेव्हां जो जवळ असेल त्यानें हात पुढें करावा. असें झालें म्हणजे दोन घरचाच काय, दहा घरचा पाहुणाही उपाशी निजणार नाहीं.