विश्लेषण : घरातल्या जुन्या कॅसेटमधला जलसा का जपायचा? मँचेस्टरच्या ‘चोरट्या’ टेपमधून काय शिकायचे?

४ जून १९७६ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात ‘सेक्स पिस्टल्स’ या नवख्या बँडचा कार्यक्रम झाला. सभागृह लहान होते आणि श्रोते मोजकेच. त्या गर्दीतल्या कुणीतरी तो टेप केला. आवाज खरखरीत आहे, मध्येच लोक बोलतात, शिट्ट्या वाजतात. तरीही पंक रॉक या संगीतप्रकाराच्या इतिहासात या टेपला मानाचे स्थान आहे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील अनेक घरांच्या लोखंडी कपाटांत अशाच कॅसेट पडून आहेत. कुणाकडे जयंतीच्या रात्रीचा भीमगीतांचा कार्यक्रम असतो, कुणाकडे कीर्तन, तर कुणाकडे संगीताची मैफल. त्यांचे मोल काय, त्या जपायला घाई का करायला हवी आणि कायदा काय सांगतो, याविषयी...

मँचेस्टरच्या त्या टेपमध्ये विशेष काय?

पंक म्हणजे मोजके सूर, वेगवान ताल आणि व्यवस्थेवरचा उघड राग. हा कार्यक्रम हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली या दोन तरुणांनी भरवला होता. त्यांनी पुढे ‘बझकॉक्स’ हा बँड नावारूपाला आणला. श्रोत्यांमध्ये बर्नार्ड समनर आणि पीटर हुक होते. त्यांनी नंतर ‘जॉय डिव्हिजन’ सुरू केला. या कार्यक्रमाला आपण होतो असे सांगणाऱ्यांची संख्या पुढे इतकी वाढली, की ते सगळे त्या सभागृहात मावलेच नसते, अशी थट्टा आजही केली जाते.

‘सेक्स पिस्टल्स’ची पहिली रेकॉर्ड बाजारात आली नोव्हेंबर १९७६ मध्ये, म्हणजे या कार्यक्रमानंतर जवळपास सहा महिन्यांनी. स्टुडिओत जाण्याआधी हा बँड कसा वाजत होता, हे या टेपवरून कळते. लोकांच्या आठवणी काळानुसार बदलत गेल्या, पण टेपवरचा आवाज आहे तसाच राहिला.

‘बूटलेग’ म्हणजे नेमके काय?

पूर्वी अमेरिकेत चोरटी दारू बुटाच्या वरच्या भागात लपवून नेली जाई. त्यावरून हा शब्द आला. संगीतात कलाकाराच्या परवानगीशिवाय केलेल्या किंवा विकलेल्या ध्वनिमुद्रणाला बूटलेग म्हणतात. पायरसी ही वेगळी गोष्ट आहे. बाजारात आलेल्या कॅसेटची नक्कल विकली तर ती पायरसी. बूटलेगमध्ये मात्र बाजारात कधी आलेच नाही असे काही असते. म्हणून पायरसीची प्रत नष्ट झाली तरी मूळ कॅसेट शिल्लक राहते. श्रोत्याने केलेली एकमेव टेप खराब झाली, तर तो कार्यक्रमच कायमचा पुसला जातो.

याचा मराठवाड्याशी संबंध काय?

पंक आणि जलसा यांची पार्श्वभूमी वेगळी आहे. एकाच्या मागे ब्रिटनमधली बेकारी होती, तर दुसऱ्याच्या मागे जातिव्यवस्थेशी चाललेला लढा. जलसा तर पंकहून कितीतरी जुना आहे. सत्यशोधक जलशांची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मागे जाते. आंबेडकरी जलसे १९३० च्या दशकात गावोगावी पोहोचले. तरी एक साम्य आहे. दोन्हींना मोठ्या साधनांची गरज नव्हती आणि सुरुवातीला दोन्हींकडे रेकॉर्ड कंपन्यांचे लक्ष नव्हते. हार्मोनियम, ढोलकी, खंजिरी आणि खडा आवाज एवढ्यावर जलसा उभा राहत असे.

महाकवी वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांचे उदाहरण घ्या. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा आयुष्यभर गावोगावी गात फिरले. त्यांनी हजारो गीते रचली. बाजारातल्या कॅसेटवर त्यातली थोडीच आली. बाकीची वह्यांमध्ये, लोकांच्या तोंडी आणि मंचासमोर ठेवलेल्या टेपरेकॉर्डरमध्ये राहिली.

मराठवाड्यासाठी हा काळ आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला. प्रत्यक्ष नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, मोर्चे निघाले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांची १९७८ मध्ये हत्या झाली. १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडमध्ये आत्मदहन केले. या काळात गाणी रचली गेली आणि मंचावर गायली गेली. नेमकी हीच वर्षे टेपरेकॉर्डर घरोघरी पोहोचण्याची होती. बातम्या वृत्तपत्रांच्या फायलींत सापडतील, पण त्या रात्रीचे गाणे सापडायचे असेल तर ते एखाद्या श्रोत्याच्या कॅसेटमध्येच.

कंपन्यांच्या कॅसेट असताना याची गरज का?

स्टुडिओत गाणे ठरावीक मिनिटांत बसवावे लागते. मंचावर तसे नसते. गायक समोरच्या गावाचे नाव ओळीत गुंफतो, कालच्या घटनेवर कडवे जोडतो, ‘वन्स मोअर’ आला की तीच ओळ वेगळ्या अंगाने घेतो. दोन गाण्यांच्या मध्ये तो जे बोलतो, ते कुठल्याच पुस्तकात छापलेले नसते.

शास्त्रीय संगीतातही हेच दिसते. ७८ आरपीएमच्या रेकॉर्डवर एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटे मावत. गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांचे गायन १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अंतराळात गेले, तेही साधारण तेवढ्याच लांबीचे आहे. मैफलीत मात्र एक राग तासभर चाले. तो विस्तार कसा असायचा, हे आज कळते ते बरेचसे रसिकांनी जपलेल्या खासगी ध्वनिमुद्रणांमुळे. नांदेडला पं. अण्णासाहेब गुंजकर आणि त्यांचे शिष्य पं. नाथराव नेरळकर अशी गुरुशिष्य परंपरा होऊन गेली. अशा परंपरांचा अभ्यास करणाऱ्यांना घरगुती टेपचा मोठा आधार असतो.

शाहीर विलास घोगरे यांनी जुलै १९९७ मध्ये रमाबाई नगर गोळीबारानंतर आत्महत्या केली. त्यांचे गाणे आज ऐकता येते, कारण आनंद पटवर्धन यांनी १९८० च्या दशकात ते आपल्या माहितीपटासाठी टिपून ठेवले होते. सगळ्याच शाहिरांच्या समोर कॅमेरा नव्हता. काहींच्या समोर फक्त एखाद्या श्रोत्याचा ‘टू-इन-वन’ होता.

अशा टेपचा आवाज विचित्र का येतो?

यामागे साधे तंत्र आहे. घरगुती टेपरेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारे सर्किट असते. ढोलकीची जोरदार थाप पडली की ते संपूर्ण आवाज खाली ओढते, म्हणून थापेपाठोपाठ गायकाचा आवाज दबतो. शांतता झाली की तेच सर्किट आवाज वर ओढते आणि शेजारी बसलेल्यांच्या गप्पा स्पष्ट ऐकू येतात.

दुसरा मुद्दा वेगाचा. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर वेगाने सरकते. कार्यक्रमाच्या वेळी सेल उतरलेले असतील, तर मुद्रण होताना फीत हळू फिरते. नंतर तीच टेप योग्य वेगाने वाजवली की आवाज पातळ आणि घाईचा वाटतो. वेगात सुमारे ६ टक्के फरक पडला, तर काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनमध्ये ऐकू येतो.

याची खूण कधीकधी टेपमध्येच सापडते. लाऊडस्पीकरची घरघर मुद्रित झाली असेल, तर ती आपल्याकडच्या विजेच्या ५० हर्ट्झ वारंवारितेची किंवा तिच्या पटीतली असते. संगणकावर ती ५३ दिसली, तर टेप साधारण ६ टक्के जास्त वेगाने वाजते आहे हे कळते आणि वेग दुरुस्त करता येतो. कार्यक्रम जनरेटरवर झाला असेल तर मात्र या खुणेवर भरवसा ठेवता येत नाही.

घाई कशासाठी?

फितीवर लोहाच्या संयुगाचा चुंबकीय थर असतो. उष्णता, दमट हवा, धूळ आणि बुरशी यांनी तो खराब होतो. मराठवाड्याचा उन्हाळा आणि पत्र्याचे घर ही जोडी कॅसेटला अजिबात मानवत नाही. दुसरी अडचण यंत्रांची आहे. चांगले टेपडेक आणि ते दुरुस्त करणारे कारागीर दोन्ही कमी होत चालले आहेत. युनेस्को आणि ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ मध्येच याबाबत इशारा दिला होता. २०२५ च्या सुमारास चुंबकीय फिती नियमितपणे वाजवणे अवघड होईल, असा तेव्हाचा अंदाज होता.

लातूरला एकच प्रत असण्याचा धोका वेगळा सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात घरांबरोबर कागद, फोटो, वह्या सगळेच ढिगाऱ्याखाली गेले. ज्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती, ते परत मिळाले नाही.

कायदा काय सांगतो?

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलाकाराचा स्वतंत्र हक्क आला आणि १० मे १९९५ पासून तो लागू झाला. कलाकार या व्याख्येत गायक, वादक, नट यांच्याबरोबर व्याख्यान देणारा, डोंबारी आणि गारुडीही येतो. हा हक्क कार्यक्रमाच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षे टिकतो.

कलम ३९ नुसार स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा केवळ प्रामाणिक अध्यापन, संशोधनासाठी केलेले ध्वनिमुद्रण हा कलाकाराच्या हक्काचा भंग ठरत नाही. ते विकणे किंवा परवानगीशिवाय यूट्यूबवर टाकणे ही वेगळी गोष्ट आहे. कार्यक्रम १९९५ पूर्वीचा असला तरी गीताचा हक्क उरतोच. तो गीतकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे असतो. म्हणजे वामनदादांच्या गीतांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत राहील. जाणूनबुजून हक्कभंग केल्यास ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. त्यामुळे आधी जपा आणि जाहीर करण्यापूर्वी कलाकाराला किंवा वारसांना विचारा.

घरी कॅसेट असेल तर काय करावे?

१. फितीवर पांढरी पावडर दिसली तर ती बुरशी असू शकते. अशी कॅसेट वाजवू नका, जाणकाराला दाखवा.

२. कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही छोटे प्लॅस्टिकचे तुकडे तोडा. मग चुकून तिच्यावर दुसरे काही टेप होणार नाही.

३. वाजवण्याआधी टेपडेकचे हेड स्वच्छ करून घ्या. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवा, म्हणजे फीत सैल राहत नाही.

४. स्पीकरसमोर मोबाइल धरून रेकॉर्ड करू नका. टेपडेकमधून वायर काढून थेट संगणकाला जोडा.

५. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल ठेवा. ६० मिनिटांची स्टीरिओ फाइल साधारण १ जीबीची होते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला छोटी प्रत वेगळी बनवा.

६. मूळ फाइलमधली खरखर काढू नका. साफसफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर.

७. गायक, साथीदार, गाव, तारीख, कुणी टेप केले हे लगेच लिहून ठेवा. आवाज ओळखणारी पिढी आज सत्तरीच्या पुढे आहे.

८. किमान दोन प्रती दोन वेगवेगळ्या घरांत ठेवा.

पुढे काय व्हायला हवे?

गुरुग्राममध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे संगीत संग्रहालय आहे. त्याची स्थापना १९८२ मध्ये झाली. अभ्यासक आणि संग्राहकांनी दिलेली ध्वनिमुद्रणे तिथे जपली जातात. मात्र लोहा किंवा औशातल्या कुटुंबाला गुरुग्राम लांब आहे. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, लातूरला त्याचे उपकेंद्र आहे. एक चांगला टेपडेक, एक संगणक आणि दोन प्रशिक्षित विद्यार्थी एवढ्यावर जिल्हास्तरावर सुरुवात होऊ शकते. मँचेस्टरची ती रात्र एका श्रोत्यामुळे वाचली. इकडच्या रात्रीही श्रोत्यांनीच टिपून ठेवल्या आहेत. त्या वाजवता येतील असे यंत्र आणि त्यातला आवाज ओळखणारे माणूस, दोन्ही असेपर्यंतच हे काम होणार आहे.