इंजिन टिकते, सांगाडा जातो

विहिरीवरच्या डिझेल इंजिनाने हवा धरली म्हणजे काय करावे लागते, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. फिल्टरचा स्क्रू सैल करायचा, हाताने डिझेल दाबायचे, बुडबुडे थांबून सलग धार लागली की स्क्रू आवळायचा. एवढी विद्या ज्याच्या हाती आहे, त्याला आज मी ज्या गाड्यांविषयी सांगणार आहे त्या परक्या वाटणार नाहीत. गाड्या जपानच्या, आणि त्यांचे म्हातारपण चालले आहे कॅनडात.

टोयोटा लँड क्रूझर हे नाव तुम्ही ऐकले असेल. डोंगर, चिखल, बर्फ यांतून चारी चाकांच्या जोरावर वाट काढणारी ही गाडी. तिची १९८४ साली निघालेली ७० क्रमांकाची मालिका फार नावाजली. मग जपान्यांनी अशी गाडी परदेशी का जाऊ दिली? तिथे जुन्या गाडीची दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी होते आणि ती खर्चाची असते. शिवाय डिझेलच्या धुराचा प्रश्न होताच. १९९९ साली टोकियोचे गव्हर्नर इशिहारा यांनी काजळीने भरलेली बाटली पत्रकारांपुढे हलवून दाखवली होती. पुढे २००१ साली कायदा दुरुस्त झाला आणि टोकियो, ओसाका, नागोया या मोठ्या पट्ट्यांत जुन्या डिझेल गाड्यांना ठराविक मुदतीनंतर नोंदणी मिळेनाशी झाली. इकडे कॅनडात १५ वर्षे पुरी झालेली गाडी आणायला नव्या गाडीचे नियम आड येत नाहीत; अमेरिकेत हीच मर्यादा २५ वर्षांची आहे. त्यामुळे चांगल्या चालत्या गाड्या जहाजात चढल्या.

आता घेणारा काय पाहतो? इंजिन चालू करतो, धूर बघतो, कान देतो आणि खूश होतो. इथेच तो फसतो. ही इंजिने सहसा लवकर हार मानीत नाहीत. गाडी मरते ती चासीच्या गंजाने. जपानच्या उत्तर भागात आणि कॅनडातही हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर मीठ किंवा तसलेच क्षार टाकतात. ते पाणी चासीच्या पोकळ पेटीत शिरते, मातीबरोबर तिथेच बसते आणि लोखंड आतून खाते. शिक्षकबंधूंना हा प्रयोग वर्गात सहज करता येईल : एक खिळा साध्या पाण्यात अर्धा बुडवा, दुसरा मिठाच्या पाण्यात. आठवड्याने मुलांनाच बोलू द्या.

आमचा भाचा ओंटॅरिओ प्रांतात असतो. त्याने अशी एक गाडी घेतली तेव्हा मी तिथेच होतो. खाली वाकून पाहिले तर चासी नवी कोरी, काळीभोर. मला नेमका तो नवेपणाच खुपला. हातोडीने ठोकत गेलो. पुढे ठणठण आवाज, आणि मागच्या पाट्यांच्या कडीपाशी आला तो भद्द! आणखी एक ठोका दिला तर हातोडीचे टोक आरपार. विकणाऱ्याने गंजावरच रंग चढवला होता. त्या कडीवर मागच्या चाकाचा भार असतो. भर वेगात ती निखळली असती तर काय झाले असते, हे सांगायला नकोच.

अशा जागी रंग किंवा लांबी यांचा उपयोग नाही. ठणठणीत लोखंड लागेपर्यंत कापायचे आणि तेवढ्याच जाडीची पट्टी पक्की वेल्ड करायची. मग पोकळीत पातळ तेल फवारायचे. हा फवारा दर वर्षी हिवाळ्याआधी मारावा लागतो आणि पाणी निघून जायची भोके तारेने मोकळी ठेवावी लागतात. कंटाळवाणे काम आहे, पण गाडी वाचते ती यानेच.

इंजिनाकडे बघायचेच नाही असे मात्र नव्हे. ‘३बी’ नावाचे साडेतीन लिटरच्या जवळचे, चार सिलिंडरांचे इंजिन दातेरी चाकांवर चालते. त्याला टायमिंगचा पट्टा नाही. त्याच्या जुन्या पंपांच्या गव्हर्नरमध्ये चामड्याचा एक पडदा असतो. हापशाच्या वायसरासारखाच तो वाळला की चिरतो. मग डिझेल प्रमाणाबाहेर जाते, काळा धूर येतो आणि इंजिन मनाला येईल तसे पळते. उपाय नव्या पडद्याचा. लोक मात्र घाबरून अख्खा पंप बदलायला निघतात!

१९९० नंतरच्या सहा सिलिंडरी ‘१एचझेड’ला पट्टा आहे. एक लाख किलोमीटर झाले की समोरचा दिवा लागतो. तो दुर्लक्षून पट्टा तुटू दिलात, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. पट्ट्याची किंमत आणि त्या दुरुस्तीची किंमत यांची तुलनाच नको.

हवा धरण्याचा रोगही इथे आहेच, पण कारण निराळे. नव्या डिझेलमधला गंधक जवळजवळ काढून टाकलेला असतो. आपल्याकडेही १ एप्रिल २०२० पासून तो दहा लाखांत दहा भागांपुरताच ठेवला आहे. गंधक काढताना इंधनाचा गुण बदलतो, त्याने जुन्या पंपांची रबरी सीले आकसतात, डिझेल पाझरते आणि हवा आत शिरते. सीले नव्या जातीच्या रबराची घातली की काम होते.

विजेचे एक सांगायचे राहिले. जपानसाठी बनलेल्या यांतल्या पुष्कळ गाड्या २४ व्होल्टच्या, म्हणजे १२च्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या. रेडिओसाठी कोणी एकाच बॅटरीवरून तार ओढली, तर ती सदा अर्धपोटी राहते आणि दुसरी जास्त भरून तापते. हीटर प्लगसुद्धा त्यावर छापलेला व्होल्ट जुळवूनच घ्यावा लागतो, नाहीतर पहिल्याच थंडीत जळतो.

भाचा सध्या पुढच्या चाकाशी बसला आहे. तिथल्या गोल हाडात, म्हणजे चाक वळते त्या सांध्यात, घट्ट ग्रीस असायला हवे. आतले ऑइल सील गेले की डिफरन्शियलचे तेल त्यात येते. परवा त्याने झाकण उघडले, तेव्हा ग्रीसच्या जागी काळे पातळ कालवण खाली सांडले. सील हाती आले आहे. बेअरिंगे धुऊन वाळत घातली आहेत.