थकव्याची मोजदाद

आमवाताच्या, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या, रुग्णास तपासताना वैद्य त्याचा एकेक सांधा अंगठ्याने दाबून पाहतो. दाब किती द्यावा याचाही शिरस्ता ठरलेला आहे, तो असा की दाबणाऱ्याच्या नखाखालची लाली जाऊन ती जागा पांढरी पडावी. खांदे, कोपरे, मनगटे, हातांच्या बोटांचे सांधे आणि गुडघे अशा २८ सांध्यांची झडती झाली, की दुखरे किती व सुजलेले किती यांची नोंद दप्तरी दाखल होते. (पावलांचे सांधे, ज्यांच्यावर बिचारा रुग्ण दिवसभर उभा असतो, ते या २८ मध्ये धरलेलेच नाहीत, हा भाग निराळा.)

नव्या औषधांच्या चाचण्यांत नेमके काय मोजावे, याची यादी अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांनी १९९३ साली मुक्रर केली. दुखरे सांधे, सुजलेले सांधे, वेदना, दैनंदिन हालचालींची क्षमता, रक्ततपासणीत दिसणारा दाह आणि रोगाच्या एकंदर स्थितीविषयी रुग्णाचा एक व वैद्याचा एक अभिप्राय, अशी ती सात कलमे होती. यादी विचारपूर्वक केलेली होती, आणि निरनिराळ्या देशांतील चाचण्या एकमेकींशी ताडून पाहणे तिच्यामुळे सुकर झाले, हे तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्याच्या शरीराविषयी हा सारा खटाटोप चालला होता त्याला सर्वांत असह्य काय होते, हे विचारण्याची गरज त्या काळच्या विद्वानांना फारशी भासली नव्हती.

ती उणीव २००२ साली ऑस्ट्रेलियात उघड झाली. आमवाताच्या मोजमापांचा विचार करणाऱ्या ओमेरॅक्ट या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्या वर्षी प्रथमच काही रुग्णांना बरोबरीचे सभासद म्हणून बोलावले होते. आणि त्यांनी सांगितले की वेदना तर आहेच, पण थकव्याचे काय? ब्रिस्टल विद्यापीठाचे जॉन कर्वान आणि त्याच शहरातील वेस्ट ऑफ इंग्लंड विद्यापीठात परिचर्याशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या सारा ह्यूलेट यांनी हा धागा सोडला नाही. ह्यूलेट व त्यांचे सहकारी यांनी १५ रुग्णांच्या सविस्तर मुलाखती घेऊन २००५ साली जे प्रसिद्ध केले, त्यावरून दिसले की हा थकवा श्रमाच्या प्रमाणात येत नाही, विश्रांतीने हटत नाही, आणि बहुतेक रुग्ण त्याविषयी वैद्याजवळ बोलतच नाहीत; जे बोलतात त्यांना आपले म्हणणे उडवून लावले गेल्यासारखे वाटते. २००७ साली ओमेरॅक्टने आमवाताच्या अभ्यासांत शक्य तेथे थकवाही मोजावा, अशी शिफारस केली.

मोजायचे म्हणजे कशाने? थकव्याला ना सूज, ना रक्तात त्याचा भरवशाचा पुरावा. त्याचा एकमेव साक्षीदार रुग्णच. म्हणून ब्रिस्टलच्या मंडळींनी रुग्णांशी मसलत करून २० प्रश्नांची एक प्रश्नावली आणि तीन अंकमापे रचली, ती २०१० साली प्रसिद्ध झाली. या तीन मापांत थकव्याची तीव्रता एका मापावर, आयुष्यावर होणारा त्याचा परिणाम दुसऱ्यावर, आणि त्याला तोंड देण्याचे सामर्थ्य तिसऱ्यावर नोंदवायचे असते. मला या साऱ्या कथेतला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. कारण दोन माणसांचा थकवा सारखाच तीव्र असूनही एकाची नोकरी सुटते व दुसऱ्याची टिकते, ही गोष्ट एकाच आकड्यात कोंबली असती तर उपचाराला धरावयास जागाच उरली नसती.

पुढे याच मापाने एका उपचाराची परीक्षा झाली. सात रुग्णालयांतील ३३३ रुग्णांपैकी काहींना परिचारिका व ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्या जोडीने गटागटांत बसवून, दमणूक व विश्रांती यांचा हिशेब कसा राखावा आणि जुन्या सवयी व विचार कसे बदलावे, याचे काही आठवडे शिक्षण दिले. २०१९ साली निष्कर्ष आला की नेहमीच्या उपचारापेक्षा त्यांच्या आयुष्यावरील थकव्याचा परिणाम सहा महिन्यांनी ०.५९ गुणांनी अधिक घटला, आणि हा लाभ दोन वर्षे टिकला. सुमारे अर्ध्या गुणाचा हा फरक मामुलीच म्हणावा लागेल. पण त्यासाठी कोणतेही नवे औषध लागले नाही.

युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०११ साली अशी शिफारस केली, की प्रत्येक संशोधन प्रकल्पात किमान दोन रुग्ण सहकारी असावेत. प्राध्यापकांच्या बैठकीत एकट्याने तोंड उघडणे किती जड जाते, हे ज्याने अशी बैठक पाहिली आहे त्याला त्या ‘दोन’चे मर्म समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. अवघड राहते ते पुढचे. अशा मसलतीस हजर राहण्याइतकी सवड, शिक्षण आणि बोलण्याची सवय ज्यांच्यापाशी असते, तेच रुग्ण तेथे वारंवार दिसतात, ही टीका ब्रिटनमध्ये बऱ्याच काळापासून होत आली आहे. प्रवासखर्च व वेळेचा मोबदला देण्याची प्रथा तेथे रूढ होत गेली, त्याने ही अडचण थोडीबहुत कमी होते. तथापि ज्याला थकव्यामुळे घराबाहेरच पडवत नाही, त्याची जबानी नोंदवायला संशोधकालाच त्याच्या दारी जावे लागेल, आणि तेवढा वेळ व पैसा मंजूर करून घेणे मात्र रुग्णांच्या नव्हे, विद्यापीठांच्या हाती आहे.