शेवटची इयत्ता

नांदेड शहराच्या उत्तरेस, नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर हदगाव हे तालुक्याचे ठिकाण आहे. कयाधू आणि पैनगंगा या दोन नद्यांच्या आधाराने वसलेला हा मुलूख. पैनगंगा ओलांडली की उमरखेड, म्हणजे यवतमाळ जिल्हा, आणि त्यामुळे येथील बोलीत मराठवाडी व वऱ्हाडी यांची अशी सरमिसळ झालेली आहे की, ‘कामून’ म्हणून विचारणारे लेकरू नदीच्या कोणत्या काठचे, हे परक्यास सांगता येऊ नये. कापूस, सोयाबीन आणि हळद ही येथली मुख्य पिके. या तालुक्यातील खेड्यांत जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा जूनच्या मध्यावर, ऐन पेरणीच्या धांदलीत उघडतात. आणि घरातील मोठी माणसे रानात, धाकटी अंगणात, अशी सगळीकडे पांगापांग असताना जी मुले बोलावणे न जाता पहिल्याच दिवशी येऊन बसतात, त्यांत शाळेतील सर्वांत वरच्या वर्गाची मुले हटकून असतात, कारण त्या दिवसापासून शाळा त्यांच्या ताब्यात यावयाची असते.

ही सर्वांत वरची इयत्ता कोणती, याचे उत्तर मात्र काळाप्रमाणे आणि गावाप्रमाणेही बदलते. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला, त्याने पहिली ते पाचवी हे प्राथमिक आणि सहावी ते आठवी हे उच्च प्राथमिक असे ठरवून दिले. पण महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चौथीपर्यंतची शाळा गावात आणि पाचवीपासूनची हायस्कुलात असाच शिरस्ता होता, त्यामुळे अद्यापही कित्येक खेड्यांत शाळा चौथीलाच संपते, कोठे ती पाचवीपर्यंत आहे, तर कोठे सातवीपर्यंत. मुंबई इलाख्यात एके काळी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल उतरलेला मनुष्य शिक्षक किंवा तलाठी होऊन गावात मानाने वावरे. एकाच तालुक्यातील दोन मुले एकाच वयाची, एकाच पावसाने भिजणारी. परंतु एकाच्या बालपणाची हद्द नवव्या वर्षी पडते आणि दुसऱ्याच्या बाराव्या, आणि ती कोणत्या वर्षी पडावी हे त्यांच्या बुद्धीवर नव्हे, तर गावातील इमारतीला किती खोल्या आहेत यावर ठरते.

हदगावच्या वृद्धांना ही हद्द आणखी निराळ्या रीतीने ठाऊक आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता, आणि तेथे प्राथमिक शाळेस तहतानिया, मधल्या शाळेस वस्तानिया व हायस्कुलास फौकानिया म्हणत. इयत्तांची नावेही अव्वल, दुव्वम, सुव्वम, चहारुम अशी फारसी. प्राथमिक शिक्षणात मातृभाषेला थारा असला, तरी पुढचे शिक्षण मुख्यत्वेकरून उर्दूतून, आणि शिखरावर १९१८ साली स्थापन झालेले, उर्दूतून उच्च शिक्षण देणारे उस्मानिया विद्यापीठ. म्हणजे चहारुम संपवून वर जाणाऱ्या मराठी मुलाला शाळेबरोबर शिक्षणाची भाषाही सोडावी लागे. जी मुले अडखळली ती तेथेच राहिली, आणि जी टिकली ती सुंदर उर्दू लिहिणारे मराठी वकील, शिक्षक आणि कारकून होऊन निघाली. १७ सप्टेंबरला मराठवाड्यातील प्रत्येक शाळेत मुक्तिसंग्रामदिनाचे झेंडावंदन होते, तेव्हा लढ्यातील हुतात्म्यांचे स्मरण केले जाते, ते योग्यच आहे. पण आपली शाळा आपल्या भाषेत पुढे चालू राहिली, हाही त्या मुक्तीचाच भाग होता, हे मुलांना क्वचितच कोणी सांगते.

आता प्रत्यक्ष दिनक्रम पाहू. घंटा वाजवणे हे शेवटच्या इयत्तेचे पहिले वतन. लोखंडी रुळाचा लटकता तुकडा असो की पितळी थाळी, ती कोणी वाजवावयाची याच्या पाळ्या ठरलेल्या असतात आणि त्यांवरून होणारे तंटे गुरुजींच्या दरबारात रोज दाखल होतात. मग परिपाठ: राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, वर्तमानपत्रातील बातम्या, बोधकथा, सामान्यज्ञानाचे चार प्रश्न. हे सर्व शेवटच्या वर्गातील मुलेच चालवितात, आणि जी मुलगी घरी पाहुण्यांसमोर तोंड उघडत नाही तीच ओट्यावर उभी राहून दीडशे मुलांकडून ‘भारत माझा देश आहे’ म्हणवून घेते. या प्रतिज्ञेचे कर्ते पैडिमर्री वेंकट सुब्बाराव हे मूळ नलगोंडा जिल्ह्यातले, म्हणजे नांदेडप्रमाणेच जुन्या हैदराबाद राज्याच्या भूमीतले. विशाखापट्टणम येथे जिल्हा कोषागार अधिकारी असताना १९६२ साली त्यांनी ती तेलुगूत लिहिली, आणि २६ जानेवारी १९६५ पासून ती देशभरच्या शाळांत म्हटली जाऊ लागली. ज्याने एवढे शब्द कोट्यवधी मुलांच्या मुखी घातले त्याचे नाव पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावर कित्येक वर्षे नव्हते, ही गोष्ट सरकारी खात्यांच्या स्मरणशक्तीस धरूनच झाली म्हणावयाची.

परिपाठानंतर हजेरी. हजेरीपटावर क्रमांक पुकारला जातो, आणि ‘हजर’, ‘उपस्थित’, ‘येस सर’ अशी तीन युगांची उत्तरे एकाच वर्गात ऐकू येतात. लहान शाळेत शिक्षक दोन आणि वर्ग चार-पाच. तेव्हा एका खोलीत चौथी आणि पाचवी पाठीला पाठ लावून बसतात, गुरुजी एका फळ्यावर भागाकार घालून दुसऱ्या फळ्याकडे वळतात, आणि पाचवीचा मुलगा आपले गणित सोडवता सोडवता चौथीचेही ऐकून उजळणी करतो. केंद्राच्या बैठकीला किंवा कुठल्याशा माहितीचे तक्ते भरावयाला गुरुजी तालुक्याला गेले, की दुसरीची मुले शेवटच्या इयत्तेतील एखाद्या शहाण्या मुलीच्या स्वाधीन होतात आणि ती गुरुजींच्याच आवाजात, त्यांच्याच लकबीने, पाढे म्हणवून घेते. याला कोणी सहाध्यायी-अध्यापन असे भारदस्त नाव देतील. माझ्या मते यात शिक्षकांचा तुटवडा झाकण्याची सोय जास्त आहे. तथापि त्या मुलीचे यात अकल्याण होते असे मात्र मला म्हणवत नाही, कारण दुसऱ्याला समजावून देताना जे गणित तिच्या डोक्यात बसते ते स्वतःसाठी शंभरदा लिहूनही बसले नसते.

या वर्षाच्या अभ्यासात सर्वांत अवघड घाट कोणता असे विचाराल, तर तो अपूर्णांकांचा. पाव, अर्धा, पाऊण हे हळदीच्या आणि कापसाच्या मुलखातील मुलाला तोंडी ठाऊक असते. काट्यावर माल चढताना बापाशेजारी उभे राहून त्याने ते शंभर वेळा ऐकलेले असते. पण तीन-चतुर्थांश आणि दोन-तृतीयांश यांत मोठा कोणता, असे फळ्यावर लिहिले की तोच मुलगा खाली पाहू लागतो. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी यांचे परवचे संध्याकाळी मोठ्याने म्हणून घेत. त्यांतून समज किती येई हा वादाचा विषय असला, तरी आजोबा अजूनही ‘अडीच साते साडेसतरा’ पापणी न हलवता सांगतात आणि नातू वही शोधतो, हे खरे. आताच्या पुस्तकांत घड्या घातलेल्या कागदांची आणि रंगवलेल्या वर्तुळांची चित्रे आहेत, त्यांतून समज येते आणि वेग जातो. दोन्ही रीती एका वर्षात बसवाव्यात असा अट्टहास धरणारे गुरुजी आजही आहेत. त्यांच्या वर्गातील मुले पुढे हायस्कुलात चटकन ओळखू येतात. इतिहासाची गोष्ट निराळी. चौथीत शिवछत्रपतींचे पुस्तक असते, आणि ते शिकवावे लागत नाही, नुसते उघडावे लागते. पाचवीत एकदम अश्मयुगातील मानव येतो आणि मुले हिरमुसतात. पाचवीपासून हिंदीही येते, पण घरी दूरदर्शन असल्यामुळे तिचे कोणाला ओझे वाटत नाही. तांड्यांवरून येणाऱ्या, घरी गोरमाटी बोलणाऱ्या मुलांच्या लेखी मराठी हीच आधी शिकलेली दुसरी भाषा असते, हे मात्र गुणपत्रकात कोठेही नोंदले जात नाही.

दुपारची खिचडी हा शाळेच्या दिवसाचा मध्य. १९९५ साली ही योजना सुरू झाली तेव्हा मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी नेण्यास मिळत. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न शाळेतच देणे क्रमप्राप्त झाले. पाचवीपर्यंतच्या मुलास रोज १०० ग्रॅम धान्य, सहावीपासून १५० ग्रॅम, असे प्रमाण आहे. जे मूल पाचवीत अकरा वर्षांचे होऊन शेताच्या बांधावरून दोन मैल चालत येते त्याची भूक हे कोष्टक जाणत नाही. ती कसर स्वयंपाक करणाऱ्या मावशी आपल्या पळीने भरून काढतात. ताटे मांडणे, लहानांच्या ओळी लावणे, धाकट्या भावंडाच्या ताटातील मिरची काढून टाकणे, ही कामे शेवटच्या इयत्तेची.

दसऱ्यापासून हजेरीपट विरळ होऊ लागतो. याच तालुक्यातील तामश्याच्या बारालिंग देवस्थानात संक्रांतीनंतर करीच्या दिवशी भाजी-भाकरीची पंगत असते, त्या दिवशी आसपासच्या गावची मुले आली नाहीत तर कोणी शहाणा मुख्याध्यापक रागावत नाही. ती गैरहजेरी एका दिवसाची आणि पोटभर असते. चिंता वाटते ती कापसाच्या वेचणीची. बोंडे फुटली की मजूर मिळत नाहीत, आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलीची बोटे चपळ असतात. शिवाय आई वेचणीला गेली तर घरी पाळण्याजवळ कोणी तरी हवे. ज्या मुलीने जुलैत प्रतिज्ञा म्हणवून घेतली तिच्याच नावापुढे नोव्हेंबरात ‘गै’ची रांग दिसू लागते. सरकारास हे ठाऊक नव्हते असे नाही. १९९२ पासून पहिली ते चौथीच्या गरीब घरच्या मुलींना दररोज एक रुपया उपस्थितिभत्ता देण्याची योजना होती. रुपयाचे मोल ओसरत गेले तरी भत्ता एकच रुपया राहिला, आणि तोही चौथीनंतर थांबे, म्हणजे मोह वाढतो नेमका तेथेच.

परीक्षांचा जोर याच वर्षी येतो. १९५४-५५ पासून चालत आलेली शिष्यवृत्ती परीक्षा पूर्वी चौथी व सातवीला होती, २०१७ पासून ती पाचवी व आठवीला गेली, आणि २०२५ मध्ये तिला पुन्हा चौथी-सातवीकडे नेण्याचे ठरले. इतका प्रवास तर परीक्षा देणारी मुलेही करीत नाहीत. या परीक्षेत दोन प्रश्नपत्रिका, प्रत्येकी ७५ प्रश्न आणि १५० गुण. पाचवीच्या मुलांसाठी दुसरी, अधिक मोहाची परीक्षा नवोदय विद्यालयाची: जिल्ह्याचे विद्यालय बिलोली तालुक्यात शंकरनगरला आहे, जागा ८०, आणि किमान तीनचतुर्थांश जागा ग्रामीण मुलांसाठी राखीव. या दोन परीक्षांसाठी शाळा सुटल्यावर जादा तास घेणारे शिक्षक पदरमोड करून सराव-प्रश्नपत्रिका आणतात, आणि त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेणे पाप ठरेल. पण पाच हुशार मुलांच्या तयारीत उरलेल्या वीस मुलांचा भागाकार कच्चा राहिला, तर ती शाळा यशस्वी झाली असे मी म्हणणार नाही. २०२३-२४ पासून पाचवीला प्रत्येक विषयाची ५० गुणांची वार्षिक परीक्षा आली, उत्तीर्ण होण्यास ३५ टक्के हवे, नापासांना पुन्हा संधी, आणि तीही हुकली तर त्याच वर्गात बसावे लागते. निदान यामुळे त्या वीस मुलांकडे पाहणे भाग पडले.

वर्षाअखेर निरोपाचा कार्यक्रम होतो. मुले वर्गणी काढून शाळेस भिंतीवरचे घड्याळ भेट देतात आणि मग हातात येतो दाखला. कागद साधा, पण त्याचे सामर्थ्य मोठे. ज्यांना जन्मतारीख ठाऊक नव्हती अशा मायबापांच्या मुलांना गुरुजींनी १ जून ही तारीख बहाल केली, आणि मराठवाड्यातील कित्येकांचा वाढदिवस त्यामुळे आजन्म त्याच दिवशी येतो. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा निजामकाळातील उर्दू आणि मोडी कागदपत्रांबरोबर जुन्या शाळांचे प्रवेश-निर्गम रजिस्टरही अडगळीतून बाहेर काढले गेले, आणि गुरुजींनी केव्हातरी बोरूने लिहिलेल्या एका शब्दासाठी नातवंडे रांगेत उभी राहिली.

या दाखल्यात आणि पुढच्या शाळेच्या रजिस्टरात जे अंतर पडते त्यातच मुले, विशेषतः मुली, हरवतात, वर्गात नव्हे. कायद्याने पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी, आणि पाचवीपासून पुढे मुलींना एस.टी.चा मोफत पास अहिल्याबाई होळकरांच्या नावे मिळतो. तेव्हा पालकांनी एवढे करावे: दाखला घ्यावयास स्वतः जावे, मुलाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख आणि जात तेथल्या तेथे वाचून घ्यावी, कारण पुढे दुरुस्तीसाठी जिल्ह्याच्या कचेरीत खेटे घालावे लागतात, आणि कापूस घरात येण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात पुढच्या शाळेत नाव घालावे. दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून त्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, असे शिक्षणहक्काच्या कायद्याचे पाचवे कलम स्पष्ट सांगते.