शंकरपाळ्यातून दोन वाटा

चौकोन आणि बाण जोडून काम कागदावर मांडायची सवय आपल्याला लावली ती विटा रचणाऱ्या एका माणसानं. अमेरिकेतला फ्रँक गिल्ब्रेथ. एक वीट रचताना गवंडी 18 हालचाली करतो हे त्यानं मोजलं आणि त्या 5 वर आणल्या. 1921 मध्ये त्यानं आणि त्याची बायको लिलियन हिनं यांत्रिकी अभियंत्यांच्या सभेत ‘प्रोसेस चार्ट’ मांडले. हातांच्या मूलभूत हालचालींना त्यांनी ‘थर्बलिग’ नाव दिलं. ते उलटं वाचा, जवळजवळ गिल्ब्रेथच होतं!

1947 मध्ये गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमन या गणितज्ञांनी हीच रीत संगणकाकडे नेली. आज कंपन्यांत चालणारी चित्रभाषा म्हणजे बीपीएमएन. तिची 2.0 आवृत्ती 2011 ची. तिच्यात बारीक रेघेचं वर्तुळ म्हणजे सुरुवात आणि जाड रेघेचं म्हणजे शेवट. नवखे लेखक हा फरक हमखास विसरतात.

पण टेक्निकल रायटरला खरा उपयोग होतो तो पट्ट्यांचा. पोहण्याच्या तलावात असतात तसे आडवे पट्टे, म्हणूनच त्यांना ‘स्विमलेन’ म्हणतात. प्रत्येक पट्टा काम करणाऱ्या एकाचा. आता हे वाक्य घ्या: ‘अर्ज प्राप्त झाल्यावर नोंद घेतली जाते, नोटीस देण्यात येते व नोंद प्रमाणित करण्यात येते.’ व्याकरणात चूक नाही, पण ही तिन्ही कामं कोण करतं? कर्मणी प्रयोगात माणूस सहज लपतो. पट्ट्यांच्या चित्रात त्याला लपायला जागाच नसते, कारण चौकोन कुणाच्या ना कुणाच्या पट्ट्यात ठेवावाच लागतो. मला या चित्रकलेचं सगळ्यात मोठं मोल इथेच वाटतं.

सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायचं काम काढून बघा. पट्टे तीन: अर्जदार, तलाठी, मंडळ अधिकारी. अर्जदार वर्दी देतो. तलाठी गाव नमुना 6 मध्ये फेरफार घेतो आणि संबंधितांना नोटीस बजावतो. मग शंकरपाळ्याच्या आकाराचा डायमंड: ‘हरकत आली?’ यातून दोन बाण निघायलाच हवेत. ‘नाही’चा बाण मंडळ अधिकाऱ्याच्या पट्ट्यात जातो, तो नोंद प्रमाणित करतो. ‘होय’चा बाण तक्रारी नोंदवहीकडे, म्हणजे नमुना 6अ कडे जातो आणि पुढे सुनावणी. परिच्छेद लिहिताना हा दुसरा रस्ता पटकन निसटतो, आणि ज्याच्या नोंदीवर हरकत आली तो माणूस नेमका तोच शोधत असतो.

चौकोनात ‘नोटीस प्रक्रिया’ असं लिहू नका, ‘नोटीस बजावणे’ लिहा. क्रियापद आलं की काम दिसतं. आणि बाण एका पट्ट्यातून दुसऱ्यात जातो तिथे पेन्सिलीनं खूण करा. कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर जाताना काय सोबत जातं, किती दिवस पडून राहतं, हे तिथेच विचारायचं. चित्र पहिल्यांदा पेन्सिलीनंच काढावं. ते काम रोज करणाऱ्यापुढे ठेवलं की तो बोलण्याआधी खोडरबर मागतो.

नोटिशीनंतर हरकत घ्यायला मिळणाऱ्या 15 दिवसांचं काय? त्या काळात कुणीच काही करत नाही, नुसती वाट बघायची असते. बीपीएमएनमध्ये त्यालाही चिन्ह आहे: वर्तुळाच्या आत छोटंसं घड्याळ.